बार कॅबिनेट घेताय? आधी त्याचा ओटा बघा

आमच्या हॉलमधल्या बार कॅबिनेटला आता पावणेदोन वर्षं झाली, मधे दोन पावसाळे गेले, दोन थर्टी फर्स्ट झाले, नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस झाला, आणि घरी येऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी नंतर मला फोन करून विचारलंय की कुठून घेतलं, केवढ्याला पडलं, आम्ही पण घेऊ का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

आम्ही ठाण्यात राहतो, हॉल बऱ्यापैकी मोठा आहे, आणि आमच्याकडे माणसांची ये-जा खूप. नवऱ्याला लोकांना घरी बोलवायची हौस आणि मला खायला घालायची. हॉटेलात बसून आठ जणांचं बिल भरण्यापेक्षा घरी बसलं की गप्पा पण नीट होतात, कोणी बारा वाजता लाइट बंद करत नाही. पण दर वेळी व्हायचं काय की बाटल्या बेडरूमच्या कपाटात, ग्लास किचनच्या माळ्यावर, ओपनर कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, बर्फ फ्रिजमध्ये, आणि नवरा अख्खी संध्याकाळ हॉल ते किचन फेऱ्या मारतोय. म्हणून ठरवलं की एक चांगलं कॅबिनेट घ्यायचं, आणि घ्यायचं तर डिझायनर घ्यायचं, आयुष्यात एकदाच घेणार म्हणून.

लोअर परळच्या एका शोरूममधून घेतलं, नाव लिहीत नाही कारण मला भांडायचं नाहीये, फक्त वस्तूबद्दल सांगायचंय. डिलिव्हरी आणि टॅक्स धरून 3 लाखांच्या थोडं वर गेलं. साधारण 6 फूट उंच, 4 फूट रुंद, 20 इंच खोल. बाहेरून अक्रोडाचं, म्हणजे ज्याला सगळे वॉलनट म्हणतात त्या लाकडाचं व्हिनिअर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला पातळ थर, दारांवर उभ्या बारीक रेघांचं काम, पितळी रंगाच्या लांब मुठी. दोन्ही दारं उघडली की आतून मागे आरसा, मधे काचेचे दोन कप्पे, वर ग्लास उलटे लटकवायची पट्टी, दारांच्या आतल्या बाजूला बाटल्यांचे छोटे कप्पे, मधोमध बाहेर ओढायचा पांढऱ्या इटालियन मार्बलचा ट्रे, त्याच्या खाली दोन ड्रॉवर आणि सगळ्यात खाली वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवायचा फुलीसारखा रॅक. दिसायला खरंच अप्रतिम आहे. संध्याकाळी दारं उघडली आणि आतला पिवळसर लाइट लागला की हॉलचा नूरच बदलतो, आणि हे आजही वाटतं, फक्त पहिल्या महिन्यातलं कौतुक नाही हे.

सगळ्यात आधी जे आवडलं ते सांगते. दारं बंद केली की हे बार आहे हे कळत पण नाही. बाहेरच्याला वाटेल कपड्यांचं नाहीतर क्रॉकरीचं कपाट आहे. आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे कारण देवघर त्याच हॉलमध्ये आहे, समोरासमोर नाही पण एकाच खोलीत, आणि सासूबाई आमच्याबरोबर राहतात. त्यांचा पिण्याला विरोध असा नाही, पण सकाळी पूजा करताना समोर बाटल्या चमकत असलेल्या त्यांना नको असतात आणि ते मला शंभर टक्के पटतं. हल्ली इंटरनेटवर जे उघडे बार दाखवतात, नुसते भिंतीवर काचेचे कप्पे आणि त्यावर बाटल्या, ते आपल्या घरात चालत नाहीत. गटारीला एकदा जोरात बैठक झाली की दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, मग महिनाभर आणि पुढे गणपती होईपर्यंत आमच्याकडे हे कॅबिनेट कुलूप लावून बंद. कुलूप मुद्दाम लावून घेतलं, घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे. शोरूममधल्या पीसला कुलूप नव्हतं, सांगितलं तर लगेच बसवून दिलं, पैसे पण वेगळे घेतले नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. बार कॅबिनेट बघायला गेलो की आपण बघतो काय, तर लाकूड, लाइट, मुठी, आरसा. आम्ही पण तेच बघितलं. पण हे शो-केस नाहीये हो, हा ओटा आहे. इथे उभं राहून माणूस काम करतो. लिंबू कापतो, बर्फ फोडतो, सोडा उघडतो, सांडतो, पुसतो, पुन्हा करतो. स्वयंपाकघराचा ओटा निवडताना आपण उंची बघतो, दगड बघतो, पाणी कुठे जाईल ते बघतो, आणि इथे मात्र कोणीच बघत नाही. डिझायनरने पण बघितलं नव्हतं.

तो ओढायचा ट्रे आहे ना, तो जमिनीपासून 30 इंचांवर आहे. म्हणजे डायनिंग टेबलाच्या उंचीवर. आमचा किचनचा ओटा 34 इंच आहे आणि माझी उंची 5 फूट 5 इंच, मला तो बरोबर पडतो. नवरा माझ्याहून अर्धा फूट उंच. बारा जणांसाठी ड्रिंक बनवायची म्हणजे 30 इंचांवर पाऊण तास वाकून उभं राहायचं, पहिल्याच पार्टीनंतर त्याची कंबर धरली. शोरूममध्ये आपण तिथे दोन मिनिटं उभे राहतो, छान छान म्हणतो, खुर्चीवर बसून चहा पितो, कळणार कसं. त्यात ट्रे चॅनेलवर आहे, म्हणजे ड्रॉवर कसा असतो तसा बाहेर येतो, त्यामुळे त्यावर लिंबू जोरात कापलं किंवा बर्फ ठेचला की तो हलतो आणि वरचे लटकवलेले ग्लास किणकिणायला लागतात. चॅनेल चांगल्या कंपनीचे आहेत, वजनाला काही झालं नाही, पण पुढे काढलेली फळी ती फळीच, तिच्याखाली पाय नाहीत.

आणि मार्बल. पहिल्या संध्याकाळीच घोटाळा झाला. आमच्याकडे त्या दिवशी चौदा माणसं होती, लिंबू-सोडा, जिन टॉनिक, ज्यांना नको त्यांच्यासाठी कोकम सरबत. रात्री दीडला मी सगळं पुसून काढलं, सकाळी उजेडात बघते तर ट्रेवर ग्लासांच्या बुडाचे गोल गोल डाग, आणि जिथे लिंबं कापली तिथे हातभर पांढुरका पट्टा. आधी वाटलं वाळलेलं सरबत असेल, ओल्या फडक्याने पुसलं, मग भांड्यांच्या साबणाने, काही जाईना. मार्बलवाल्याला फोटो पाठवला तेव्हा त्याने सांगितलं की मॅडम हा डाग नाहीये, दगड खाल्लाय. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच्याच जातीचा दगड, त्यावर लिंबाचा रस पडला की त्याची वरची चमक विरघळते, आणि हे व्हायला रात्रभर लागत नाही, काही मिनिटं पुरतात. लिंबू, कोकम, व्हिनेगर, वाइन, टॉनिक, कोल्ड्रिंक, सगळं आंबट. म्हणजे बारच्या ओट्यावर जे जे सांडतं ते जवळजवळ सगळंच मार्बलचं शत्रू. शोरूमवाले म्हणाले सीलर मारलाय. सीलरने रंग आत मुरत नाही, कोकमाचा लालपणा नाही आला हे खरं, पण दगड खाल्ला जातो तो सीलरने थांबत नाही. पॉलिशवाल्याला बोलावून घासून घेतलं, दोन महिन्यांत परत तेच.

शेवटी आमच्याच एरियातल्या दगडवाल्याकडून काळा ग्रॅनाइट कापून आणला, गुळगुळीत नाही, थोडा खरखरीत चामड्यासारखा फिनिश असतो तो, कडा गोल करून घेतल्या, मार्बल काढून तो बसवला. दगड, कटिंग, मजुरी मिळून 6 हजारांत काम झालं. वर्ष होऊन गेलं, एक डाग नाही. आणि काळ्यावर पितळेचा पेग मेजर, पितळेची बर्फाची बादली इतकी सुंदर दिसते की मला मार्बलची आठवण पण येत नाही.

या ओट्याच्या गोष्टीवरून एक आठवलं. हे घ्यायच्या आधी आम्ही चोर बाजारात पण फिरलो होतो, मटण स्ट्रीटवर. तिथे एका दुकानात जुनं बर्मा टीकचं कॉकटेल कॅबिनेट होतं, गोलाकार कडा, पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, अगदी मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंग असतात ना आर्ट डेकोच्या, ज्यांना 2018 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला, तसंच. समोरची फळी खाली पडते आणि तीच कामाचं टेबल होते, आणि त्या फळीवर बनवणाऱ्याने काच बसवून ठेवलेली, खाली पितळेचे दोन आडवे दांडे आधाराला. तेव्हा मला ती काच स्वस्तातली वाटली होती. आता कळतं की ज्याने ते बनवलं त्याला माहिती होतं इथे काय सांडणार आहे. ते घेतलं नाही कारण मागच्या बाजूला भुंग्याची बारीक भोकं होती आणि खाली पिठासारखा भुसा पडलेला, घरात बाकीचं लाकूडकाम आहे, तो धोका नको वाटला. पण ज्यांना जुन्या वस्तूंची जाण आहे आणि बरोबर कोणीतरी अनुभवी सुतार घेऊन जाता येईल त्यांनी तिथे आणि जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात एकदा चक्कर मारावीच असं मी मनापासून सांगेन. जुन्या सागवानाचं वजन हाताला लागलं की नवीन प्लायचं दार हलकं वाटतं.

दारांवरून आठवलं, दुसरी मोठी तक्रार तीच. दारांच्या आतून बाटल्या ठेवायची आयडिया फोटोत भारी दिसते. पण भरलेली 750 मिलीची बाटली काचेसकट सव्वा किलोच्या आसपास जाते, एका दारात आठ बाटल्या म्हणजे 10 किलो, आणि दार स्वतः वेगळं. इतकं वजन बिजागऱ्यांवर लोंबकळतंय. चार महिन्यांत डावं दार पुढून खाली आलं, बंद करताना उचलून लावायला लागायचं, रेघांची जुळणी पण चुकली. दोनदा माणूस आला, स्क्रू पिळून गेला, तिसऱ्यांदा मी हटून बसले तेव्हा दाराच्या पूर्ण उंचीची पियानो बिजागरी बसवून दिली, तेव्हापासून जागचं हललं नाही. हे पहिल्यापासून द्यायला काय हरकत होती? तीन लाखांच्या वस्तूत पियानो बिजागरीचे पैसे कितीसे असतात. दारात वजन असेल तर घेतानाच विचारा कुठली बिजागरी आहे आणि किती आहेत, आणि शोरूममध्ये रिकाम्या दाराशी खेळू नका, बाटल्या भरून दाखवा म्हणा.

कप्प्यांची उंची. काचेच्या दोन कप्प्यांत 12 इंचांचं अंतर आहे आणि ते फिक्स आहे. नेहमीची व्हिस्कीची बाटली बसते, कशीबशी. पण माझा भाचा दुबईहून येतो तेव्हा ड्यूटी फ्रीची 1 लिटरची आणतो, भारतात येताना माणशी 2 लिटरच आणता येते म्हणून तो अशा बरोबर दोन आणतो, त्या तिथे उभ्या राहत नाहीत, बूच वर अडकतं. शॅम्पेनच्या जातीच्या फसफसणाऱ्या वाइनची बाटली पण नाही. मी म्हटलं कप्पा खाली घ्या, तर बाजूला भोकं पाडायला तयार झाले पण काच टफन केलेली आहे, आणि एकदा टफन झालेली काच कापता येत नाही, कापायला गेलं की पूर्ण चुरा होतो. नवीन जागी खांब आडवा येत होता म्हणून नवीन मापाची काच बनवून घ्यायला लागली. तेव्हा मापं आधी ठरवा, काच नंतर. एका कप्प्याला तरी 14 इंच ठेवा, आणि दुसरा हलवता येईल असा.

खालचा वाइन रॅक मला अजिबात उपयोगाचा वाटला नाही, हे थोडं वादाचं आहे पण सांगते. वाइन आडवी ठेवायची कारण बूच ओलं राहावं, नाहीतर ते सुकून हवा आत जाते. व्हिस्की-रम मात्र उभीच ठेवायची, आडवी ठेवली तर त्यातल्या जास्त अल्कोहोलने बूच खराब होतं. इथपर्यंत बरोबर. पण आपण नाशिकच्या ज्या वाइन आणतो त्यातल्या बऱ्याचशांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यांना आडवं-उभं काही फरक पडत नाही. आणि दुसरं म्हणजे ठाण्यात मे महिन्यात बंद हॉलमध्ये दुपारी केवढं तापतं, वाइनला हवे असतात 12-14 डिग्री. महिनोन्‌महिने तिथे ठेवली तर ती उकडणारच. आम्ही वाइन आणतो ती आठवड्याभरात संपवायलाच, आणि तोपर्यंत ती फ्रिजमध्ये. शोरूमवाल्यांनी आत छोटा वाइन कूलर बसवून देतो म्हणून सांगितलं होतं, बरं झालं नाही म्हटलं, कारण त्याची गरम हवा बाहेर जायला मागे जागाच नव्हती.

लाइटबद्दल थोडक्यात. रंग पिवळसर, 3000 केल्विनचा, तो बरोबर आहे, पांढरा लाइट घेऊच नका, दवाखान्यासारखं वाटतं. दार उघडलं की आपोआप लागतो. पण पट्टीवर झाकण नव्हतं त्यामुळे मागच्या आरशात बल्बचे ठिपके ठिपके दिसायचे, दुधी झाकणाची पट्टी सांगून बदलून घेतली. लाइटचा अडॅप्टर मागच्या फळीच्या आत बंद करून टाकलेला, तो गरम होऊन आठव्या महिन्यात गेला आणि बदलायला अख्खं कॅबिनेट भिंतीपासून ओढायला लागलं, बाटल्या काढून, चार माणसं लावून. आता तो खालच्या ड्रॉवरच्या मागे घेतलाय, हात घातला की मिळतो.

पहिले दीड-दोन महिने आत पॉलिशचा वास होता. ग्लास कपाटात पालथे ठेवले की तो वास ग्लासात कोंडतो आणि मग पाणी प्यायलं तरी जाणवतो. लटकवलेल्या ग्लासांना कमी, फळीवर पालथ्या ठेवलेल्यांना जास्त. रोज रात्री दारं उघडी ठेवली, तेव्हा कुठे गेला. पावसाळ्याची मला सगळ्यात जास्त भीती होती पण लाकूडकामाला पूर्ण मार्क. मॅरीन प्लाय आहे, कडा नीट बंद केल्यात, दोन पावसाळ्यांत बुरशीचा ठिपका नाही की दार फुगलं नाही, आणि आमच्या जुन्या टीव्ही युनिटची दारं तर दर जुलैत अडकतात. फक्त उन्हाकडे लक्ष द्या. आमच्याकडे दुपारी चारनंतर खिडकीतून ऊन तिरकं येतं, आणि अक्रोडाचं लाकूड उन्हाने फिकट होत जातं, सागवानासारखं गडद होत नाही. वरती एक पितळेची समई ठेवलेली होती, हलवली तर खाली तिच्या बुडाचा गडद गोल. आता दुपारी पडदा ओढते.

सुतार की डिझायनर, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आमच्या सुताराने याच मापाचं साधारण सव्वा लाखात करून देतो म्हणून सांगितलं होतं, व्हिनिअर आणि पॉलिश धरून. प्रामाणिकपणे सांगायचं तर दारावरचं रेघांचं काम, दोन्ही दारांवर लाकडाच्या शिरा सलग जुळवणं, आणि ते पॉलिश, हे आमच्या सुताराला इतकं जमलं नसतं. तिथे पैसे दिसतात. पण उंची, दगड, बिजागरी, अडॅप्टरची जागा, हे सगळं त्याने मला विचारलं असतं, कारण तो रोज ओटे करतो. डिझायनरने एकदाही विचारलं नाही की ड्रिंक बनवणार कोण, आणि त्याची उंची किती.

एक गोष्ट लोक विसरतात, महाराष्ट्रात घरी दारू ठेवायला परमिट लागतं. कायदा 1949 चा आहे. वर्षाचं परमिट 100 रुपये आणि कायमचं 1000 रुपये, एवढी छोटी रक्कम आहे, काढून ठेवा, आणि परमिटवर किती ठेवता येते त्यालाही मर्यादा आहे हे कॅबिनेट भरताना लक्षात असू दे. व्हिस्की-रमसाठी वय 25 पूर्ण लागतं, बियर-वाइनला 21. आणि गोव्याहून परत येताना गाडीत वाटेल तेवढ्या बाटल्या घालून आणू नका, बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मला तिचा वास फार आवडतो, पण ती मी गोव्यात गेल्यावरच पिते.

आता शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात जवळचं. तो वाइन रॅक मी सुताराकडून काढून टाकला आणि तिथे दोन सरळ कप्पे करून घेतले. वरच्यात अमृत कोकम, आगळ म्हणजे कोकमाचा खारट रस, आवळा सिरप, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, सोड्याच्या बाटल्या, जिरेपूड आणि काळ्या मिठाच्या डब्या. खालच्यात चखण्याच्या वाट्या. आधी आमच्या बैठकीत न पिणारे लोक कोपऱ्यात एक कोल्ड्रिंकचा ग्लास धरून बसायचे, त्यांना कोणी दुसऱ्यांदा विचारायचं पण नाही. मला ते कायम खटकायचं. आता त्यांचं ड्रिंक पण त्याच ओट्यावर, त्याच चांगल्या ग्लासात, बर्फ आणि मिठाची कड लावून बनतं, आणि मागच्या मे महिन्यात तर सासूबाई स्वतः तिथे उभ्या राहून सगळ्यांना आगळ, सोडा, हिरवी मिरची आणि जिरेपूड घालून देत होत्या, नवऱ्याचे मित्र व्हिस्की बाजूला ठेवून त्यांच्यापुढे रांगेत. त्यांना 30 इंचांचा ओटा अगदी बरोबर पडतो, त्यांची उंची पाच फुटाला जरा कमी आहे.

त्यामुळे ट्रे वर उचलून 36 इंचांवर घ्यायचा विचार होता तो आम्ही सोडला. त्याऐवजी नवऱ्यासाठी बाजूला चाकांची 36 इंची गाडी करून घेतोय, वर तोच काळा दगड, चाकांना ब्रेक. कोल्हापूरला माझी नणंद पण आता बार कॅबिनेट करून घेतेय, तिचा सुतार गुरुवारी मापाला येणार आहे. तिला म्हटलं, लाकूड-बिकूड नंतर, आधी घरातल्या सगळ्यांना ओट्यापाशी उभं कर आणि त्यांच्या कोपराची उंची लिहून घे.